पाव फेरा

ग्रिसेल्दा उत्तरेला खाणीवर गेली तेव्हा
बोर्ड दाराआड उभा करून गेली.
"वापर," म्हणाली. पाना मात्र द्यायची विसरली,
की विसरल्यासारखं केलं, ठाऊक नाही.

बारोन टेकडीच्या वरच्या वळणावर
मासळीवाल्याच्या दारापाशी मी पहिल्यांदा त्यावर चढले.
उजवीकडे कलले. तो सरळ गेला.
डावीकडे कलले. तो सरळ गेला,
जणू त्याच्यावर कुणी उभंच नाही,
थेट एका निळ्या पत्र्याच्या भिंतीत.

एलादियोच्या दुकानात तेलाचा वास
आणि कुणाचा तरी म्हातारा कुत्रा.
त्यानं बोर्ड पालथा केला,
बकरीच्या पोटावर थोपटावं तसं थोपटलं.
"वजन किती?"
"बोर्डाचं?"
"तुझं."
मी कुत्र्याकडे बघत पंचावन्न म्हटलं.
"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस.
घरी काय हवं ते सांग, रबराला खरं सांग."
एकोणपन्नास.

नट काढला, वॉशर काढला,
आणि ट्रकच्या पोटातून निघाली दोन बुशिंगं,
मोठ्या बोराएवढी, कडक, एका अंगाला चेपलेली.
"तुझी बहीण टाचेवर भार टाकते."
मला माहीत होतं. बाबांशी भांडतानाही
ती अशीच उभी राहायची.

"अठ्ठ्याहत्तर किलोच्या बाईनं
स्वतःसाठी मारलेली गाठ ही,
तुझ्या अंगानं कशी सुटेल?"
त्यानं मऊ जोडी बसवली, मधासारख्या रंगाची.
चाकंही बदलली. जुनी बावन्नची, दगडासारखी,
सिमेंटच्या गुळगुळीत वाटीत फिरायला ठीक.
"तू जाणार कुठून?"
शाळेवरून बंदराकडे, म्हटलं, मध्ये फरसबंदी.
"मग या चाकांवर दात मोजत जाशील."
साठची दिली, नख रुतावं इतकी मऊ.

पण मला हाव सुटली.
घरी मागितलेल्या पान्यानं नट सोडवत गेले, सोडवत गेले,
वॉशर बोटानं फिरेपर्यंत.
काय सांगू, नुसता विचार केला तरी वळत होता!
तिसऱ्या वळणावर
मोठं चाक फळीला घासलं, तिथंच चावलं.
बोर्ड थांबला. मी नाही थांबले.
हनुवटीला चार टाके.

एलादियो हसला नाही. ट्रकखाली
तीन मिलिमीटरची रबराची चकती सारली,
चाकाला फळीपासून जरा लांब ठेवायला.
"आता पाव फेरा आवळ. टेकडी उतर. पुन्हा ये.
इथे स्टुलावर बसून हे जमत नाही कुणाला."
अकरा वेळा उतरले. अकरा वेळा
बोर्ड काखेत मारून पायऱ्या चढले.
कुत्रा मला ओळखायला लागला.

रविवारी ग्रिसेल्दाचा फोन.
ती आता खरा ट्रक चालवते,
तिच्या डोक्यावर ती उभी राहिली
तरी टायरच्या वर दिसायची नाही, इतका मोठा.
"नटाबाहेर आटे किती दिसतात?" तिनं विचारलं.
एकही नाही. नट बोल्टच्या टोकाशी आहे.
पलीकडे वारा ऐकू आला, खाणीतला असणार.
"माझे चार दिसायचे," ती म्हणाली.
"उतारावर डगमगला की मी आवळायची.
पुन्हा डगमगला की पुन्हा.
मला वळायचंच नव्हतं गं. पडायचं नव्हतं."

आणि मी सात वर्षं समजत होते
की तिला घाबरणं येत नाही.

मग म्हणाली, रात्रपाळीला एक शंभर किलोचा माणूस असतो,
सकाळी त्याच्या सीटवर बसलं की पाय पेडलला पोचत नाहीत.
बाजूला एक चक्र आहे, वजनाप्रमाणे फिरवायचं.
"खरं वजन लावतेस?"
"सीटला? लावते."

दुसऱ्या दिवशी धुकं समुद्रावरून वर आलं,
रस्ता ओला. मी पाव फेरा आवळला,
मग त्यातला अर्धा परत सोडला,
आणि मासळीवाल्यापाशी उजवीकडे कलले.
करकरत वळला.
खोबणीत साबण चोळायला हवा,
एलादियो म्हणालाच होता.