नदीकाठचा पडदा

मंडळींनी यंदा फ्लेक्स घेतला
आणि जुना पडदा वाचनालयाला दिला.
दिला, असं ते म्हणतात.
खरं तर मंडईच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमधून उतरवला
आणि परत न्यायला कुणी आलंच नाही.

चौदा हात रुंद. आमच्या खोलीत मावेना.
मग बुधवारी सांजेला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर टांगला:
दोन खिळे, पोत्यांची सुतळी,
आणि चौथ्या कोपऱ्याला काही मिळेना म्हणून
वायरमन गजभिये स्वतः, हात वर करून.

नदी. नदीला लागून झाडं. राजवाड्याच्या पायऱ्या.
वर चंद्र, पोपडे धरलेला.
खाली डावीकडे उंदरानं कुरतडलेलं भोक,
त्यातून भिंतीवरच्या 'हागणदारीमुक्त'मधलं
नुसतं 'मुक्त' दिसायचं.

मी देवघेवीचं रजिस्टर मागच्या बाजूनं उघडलं.
म्हटलं, बघा, आणि एकेक ओळ सांगा.
जुळलीच पाहिजे असं नाही.
कुणी बोलेना.
कुणीतरी तंबाखू मळली, तेवढाच आवाज.

मग मुखरू नान्हे, बोडीचा ठेका असलेला:
"नदी खोटी हाये. मासोळी नाही हिच्यात.
तरी जाळं टाकाव वाटते."
मी म्हटलं, झाली ओळ.
"कोनती? मी तं सांगून रायलो नुसतं."

अंतकलाबाई झाडापाशी जाऊन आली, बोटानं मोजून आली.
"सत्तर पानांचा पुडका बांधतो आमी.
इथं एक पुडका भरत नाही.
एवढ्यात राजा कसा जगते?"

सातवीतली प्राजू म्हणाली,
पायऱ्या वर जातात
पण दार काढायचं राहिलंय.

पेन्शनर गुरुजींनी चार ओळी आणल्याच होत्या घरून,
चंद्र, मंद्र, इंद्र;
टाळ्या पडल्या.
मी त्या पेन्सिलीनं लिहिल्या.

"आटपा ना बापा, हात भरून आला,"
गजभिये कोपऱ्यातून ओरडला.
ते मी पेनानं लिहिलं.

मागे पोत्यावर भुराबाई बसली होती.
पडदा रंगवणाऱ्या बुधाजी पेंटरची बायको.
तिला कुणी विचारलं नव्हतं,
म्हणजे मीच विचारलं नव्हतं,
वाटलं, रडेल.

"चंद्र कोनाले म्हनता?" ती म्हणाली.
"आमची जेवाची थाळी हाये ते.
पालथी ठेवली कापडावर, कडेकडेनं निळा ब्रश फिरवला.
निळा रंग काही निघाला नाही मंग,
राखेनं घासली, चिंचेनं घासली.
पाहुन्याले वाढता येईना तिच्यात.
माह्याच वाट्याले आली."

मी विचारलं, ही एक ओळ धरू, की सात?
"धर, नाईतर नको धरू.
थाळी हाये अजून घरी."

त्यानंतर वारं सुटलं, गजभियेनं सोडून दिलं,
नदी राजवाड्यावर पडली
आणि आम्ही सगळे कापड गोळा करत बसलो.

पुढच्या बुधवारी माणसं दुप्पट.
काही कवितेला, काही थाळीला.
भुराबाईनं पदराखालून ती काढली,
काठावर अजून निळी रेघ, नखाएवढी.
प्राजूला खुर्चीवर चढवून चंद्रावर लावून पाहिली.
चंद्र थोडा लहान निघाला.
"ब्रश आत घुसत होता त्याचा," ती म्हणाली,
"हात थरथरे. जागरनं लय होती त्या साली."
आणि थाळीकडे अशी पाहत राहिली
जणू हे तिलाही आजच कळलं.

हे मी तेव्हा लिहून घेतलं नाही.
पेन माझ्याकडे नव्हतं.
मुखरूनं घेतलं होतं, दे म्हणाला, मीच लिवतो,
आणि रजिस्टर मांडीवर धरून
'मासोळी'तला 'ळ'
दोनदा खोडून
तिसऱ्यांदा काढत होता.