वॉर्डाबाहेर

परळला, वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर
चौदावी रात्र.
शलमोनच्या नाकात नळी,
माझ्या पर्समध्ये मेडिकलच्या उधारीची चिठ्ठी
आणि आईचा, आता जुना झालेला, नवा करार,
पानं सुटलेला.

प्रार्थना येत नाही, प्रभू.
'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणते
आणि पुढं बिलाचे आकडेच आठवतात.
रागावू नकोस.
किंवा रागाव, पण काहीतरी बोल.

पहाटे भायखळ्याहून रिबकाबाई आली,
आमच्या चर्चची झाडलोट करणारी.
इतक्या वर्षांत तिच्याशी मी
दोन शब्द धड बोलले नव्हते.
स्टीलच्या डब्यात तांदळाची पेज,
वर लोणच्याची फोड.
"खा आधी," म्हणाली,
"मग भांड त्याच्याशी."

झाकण काढलं, वाफेनं चष्मा धुरकटला.
त्या धुक्यात कुणी दिसलं नाही,
ना देवदूत, ना पांढरा झगा.
फक्त फिनाईलचा वास येणारा एक हात
माझ्या पाठीवर,
बराच वेळ.

शलमोन तसाच आहे. नळीही.
डब्याच्या तळाशी थोडी पेज
मी राखून ठेवली आहे,
तो जागा झाला तर.