आधार दिसत नाही

अहवाल चौसष्ट पानांचा.
पहिली नऊ पानं नुसती अंग काढून घेण्यात गेलेली:
गालिचे ठोकलेले होते, उचलता आले नाहीत.
माळ्यावर सामान होतं, पलीकडे जाता आलं नाही.
पाहणीच्या दिवशी कोरडं होतं, त्यामुळे गळतीबद्दल
काही सांगता येत नाही.

बेथेस्डात कोरडं, म्हणे. इद्वाल हसला,
एवढ्या एका वाक्यावर फी परत मागायला हवी.

मग रंग. हिरवा म्हणजे असू दे.
पिवळा म्हणजे बघू.
तांबडा म्हणजे सही करायच्या आधी.
छपराला पिवळा: दगडी पाट्या अजून शंभर वर्षं जातील,
खिळे थकलेत.
माझे आजोबा याच डोंगरातल्या खाणीत पाट्या चिरायचे.
खिळ्यांचं त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं.
ओलीला पिवळा. जिन्याखालच्या वायरिंगला तांबडा.
आणि पान अडतीस:
स्वयंपाकघरातली चूल, मागच्या बांधकामासकट, काढून टाकलेली.
वरच्या मजल्यावरचं धुराडं तसंच उभं.
वजन अंदाजे दीड टन.
आधार दिसत नाही.

नाही, असं नव्हे. दिसत नाही.
तेवढ्या फटीत आमच्या तीन रात्री गेल्या.

एजंटचा फोन: दहा हजार पौंड कमी करून मागा,
घाबरल्यासारखं करा.
करायची गरज नव्हती.

मिसेस प्रिचर्डनी दार उघडलं, चहा टाकला,
बरोब्बर त्याच जागी, फ्रिजशेजारी,
दीड टनाच्या खाली.
फ्रिजसाठीच काढली ना चूल, त्या म्हणाल्या.
एकोणऐंशीचा उन्हाळा. एम्रिसनं दोन दिवस घण घातले,
तिसऱ्या दिवशी फ्रिज आला.
बिस्किट घे.
मी कप घेऊन हळूच दाराकडे सरकले.
त्यांनी ते पाहिलं. बोलल्या काही नाहीत.

इंजिनिअर आली, मेरेरिद, पंचविशीची,
बूट दारात काढून नुसत्या मोज्यांवर.
छताला करंगळीएवढं भोक पाडलं,
वायरच्या टोकाचा कॅमेरा आत सारला
आणि बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, रूळ आहे.
खाणीतल्या जुन्या ट्रामचा. आडवा.
दोन्हीकडे भिंतीत वीतभर रुतवलेला.

मिसेस प्रिचर्ड खुर्चीत बसल्या.
मला म्हणाला होता, टेकू कशाला, दगडाला सवय असते.
चव्वेचाळीस वर्षं रोज रात्री
मी त्या धुराड्याकडे बघून
त्याला शिव्या घालत झोपलेय.
तो गेल्यावरसुद्धा.

धरेल का? इद्वालनं विचारलं.
धरून आहे, मेरेरिद म्हणाली,
पण रुळाला कागद नाही.
माझ्या हिशेबात तो तिथे नाहीच. बँकेच्याही नाही.
नवी तुळई, परवाना, मजुरी: चार हजार दोनशे.

आम्ही चार मागितले. त्यांनी तीन सोडले,
आणि घराबरोबर काय राहील, काय जाईल, त्या यादीत
पडद्यांच्या दांड्या, परसातली कोळशाची पेटी,
याच्याखाली पेननं एक ओळ वाढवली:
रूळ माझा.

जूनमध्ये चौघांनी मिळून उतरवला.
त्यांची मुलगी रेक्सहॅमला राहते, तिसऱ्या मजल्यावर.
कुठे ठेवणार, मी विचारलं नाही.

तुळई आता प्लास्टरच्या आड आहे,
तिचा कागद फायलीत.
तरी चहा टाकताना मी
फ्रिजच्या अलीकडेच उभी राहते.
काल रात्री समुद्राकडून आडवा पाऊस आला.
छपरावर कुठेतरी एक पाटी खडखडली,
थांबली, पुन्हा खडखडली.
पिवळा, इद्वाल झोपेतच म्हणाला,
आणि कूस बदलली.