पडद्याची पाठ

सावईवेऱ्याला देवळाच्या कोठीत
उंदरांच्या भीतीने तारेवर टाकलेला एक पडदा आहे.
मांजरपाट, बावीस फूट रुंद.
खाली कोपऱ्यात तीन उभी अक्षरं,
गावात कुणालाच न वाचता येणारी.

शिगेको नुमाता. आम्ही नुमातबाय म्हणायचो.
कानाझावाच्या एका नाटकघरात तिने
एकोणीस वर्षं डोंगर रंगवले,
मग आग लागली, डोंगर जळाले.
हे तिने खजिनदार नागेश हळर्णकरांना सांगितलं
काजळी खलता खलता,
आज वारा नाही म्हणावं तसं.

रंग बाजारातून आणलेच नाहीत.
चिऱ्याची तांबडी माती, भिरंडांचं आगळ,
शिंपल्यांचा चुना.
कुळागरातल्या पाटात ब्रश धुवायची
तेव्हा पोफळींच्या मुळांशी
घटकाभर तांबूस पाणी फिरायचं.

सांगितलं होतं जंगल.
तिने डावीकडे माड काढला, तोही अर्धा,
वर बगळ्याची मान. बाकी कापड कोरं.
"पैसे मात्र अख्ख्या जंगलाचे," खजिनदार म्हणाले.
ती मागे चटईवर जाऊन बसली
आणि शंभाला, आमच्या सीतेला, म्हणाली, चाल.
शंभा विडी विझवून चालला.
पन्नाशीचा, दाढी वाढलेला, कमरेला पंचा.
त्या कोऱ्यात तो एवढासा झाला, एवढासा,
की काकांचा हात पेटीवरच राहिला.
खजिनदार गप्प.
पैसे दिले, पण दोन हप्त्यांत.

मी दहा वर्षांचा, दोरी ओढणारा.
माझी जागा पडद्यामागे,
डासांत, गॅसबत्तीच्या फुसफुशीत.
पुढून नाटक मी कधी पाहिलंच नाही.
तिला हे कुणी सांगितलं, ठाऊक नाही.
काल्याच्या रात्री दोरी धरली
तर कापडाच्या पाठीवर, थेट डोळ्यांसमोर,
बोटाएवढी होडी.
आत कुणी नाही. वल्हं आडवं ठेवलेलं.

मृगाआधी ती फोंड्याच्या बसने गेली.
पत्ता दिला होता. काकांनी तो
पेटीच्या खोक्यात जपला, आणि पेटी विकली.

आता म्हापशाहून फ्लेक्स येतो.
त्यात धबधबा असतो, मोर असतात, जागा नसते.

वर्षातून एकदा मी कोठी उघडतो,
डांबरगोळ्या बदलायला.
माड तडकलाय. बगळा पिवळा पडला.
होडी आहे तिथेच आहे,
दहा वर्षांच्या पोराच्या उंचीवर.
पाहायची तर वाकावं लागतं.
भटजींना वाटतं, मी पाया पडतो.
वाटू दे.