चोरखिसा

नोटांच्या प्रेसमधून सुटताना
गेटवर त्याची रोज झडती व्हायची:
हात वर, बूट काढ, डब्याचं झाकण उघड.
घरी आला की तीच झडती
तो माझी घ्यायचा.
जेल रोडच्या आमच्या दीड खोलीत
मी हात वर करून उभा,
खिसे उलटे, जिभेसारखे बाहेर लोंबणारे.
एक गोटी. खडूचा तुकडा. एकदा चिंच.
चिंचेला पट्टा नव्हता, नुसता हात होता.
पट्टा दहा पैशांना.

आई म्हणायची, पप्पा म्हण त्यांना.
मी ओठ जुळवायचो, प, प,
आवाज मात्र त्यात भरायचो नाही.

त्या वर्षी टॉकीजला एक सिनेमा लागला
आणि पाच आठवडे हलला नाही.
पोस्टरवर माझ्याएवढा पोरगा,
मागे दारात सावत्र बाप,
चेहरा नाहीच, नुसती रुंदी.
मी सहा वेळा पाहिला.
पूर्ण एकदाही नाही.
तीनचा खेळ सुटायचा सहाला
आणि साडेपाचला वाजायचा प्रेसचा भोंगा.
पोरगा परसातली भिंत चढून
पलीकडे एक पाय टाकतो,
बाप कंदील वर धरतो,
इथे मी उठायचो,
लोकांच्या गुडघ्यांवरून, शेंगांच्या टरफलांवरून,
ए मुंडी खाली कर, अशा हाकांमधून बाहेर.
डोअरकीपर सदू कापडणीस विचारायचा,
तुला शेवट आवडत नाही का रे?
मी उन्हात डोळे बारीक करून
बिटको चौकापर्यंत पळत.

तिकिटाचा अर्धा तुकडा
आईला धुण्यात सापडला.
बोलली नाही. रात्री मशीनवर बसली,
लोकांचे ब्लाउज बाजूला सारून.
सकाळी माझ्या चड्डीच्या कमरपट्टीआड
दोन बोटांएवढा खिसा होता.
संध्याकाळी त्याचा हात त्यावरून गेला,
त्याला ती शिवणच वाटली.

भाकरी थापता थापता, पाठमोरी,
ती कधी हळूच विचारायची,
मग? चढला का भिंत?
चढला.
उतरला का पलीकडे?
माहीत नाही.
भाकरी तव्यावर पडायची, जरा जास्तच जोरात.

मार्चातल्या एका गुरुवारी म्हणाली,
आज शेवटापर्यंत बस.
घाईने येऊ नकोस.
माझ्याकडे बघितलं नाही,
माझ्या शर्टाचं तिसरं बटण लावलं,
ते लागलेलंच होतं.

वाटेत खिसा चाचपला.
दहाच्या तीन नोटा,
घडीवर घडी घालून नखाएवढ्या केलेल्या.
भुसावळच्या मावशीचा पत्ता,
रेशनच्या पावतीमागे, मापं लिहायच्या निळ्या खडूने.
टॉकीजपाशी सदूने दार धरून ठेवलं.
मी बराच वेळ उभा होतो.
आत कुणीतरी हसलं, हजारजण हसले.
मग मी स्टेशनकडे वळलो.

पॅसेंजर नेहमीसारखी लेट.
ती हलली आणि मागे भोंगा वाजला.
सवयीने मी ताडकन उठलो.
समोरची बाई म्हणाली, बस बाळा,
अजून ओढासुद्धा आलं नाही.

आता तिथे टाइल्सचं दुकान आहे.
सिनेमा कधीमधी रात्री टीव्हीवर लागतो.
पोरगा भिंत चढतो, एक पाय टाकतो,
कंदील वर येतो,
मी बंद करतो.
मुलगी ओरडते, बाबा, शेवट!

पोरगा सुटतो गं, मी सांगतो.
ते मला ठाऊक आहे.
पुढचं सांगत नाही:
कंदील धरलेला माणूस मागे वळतो,
घरात जातो,
दाराला कडी लावतो,
आणि तिथे, मशीनपाशी,
कुणी न सांगताच
आई हात वर करून उभी असते.