खिळा न मारता

अजमानच्या जुर्फमध्ये, आठ नंबर शेडात
आम्ही नॉर्वेतलं एक देऊळ बांधलं
एकवीस दिवसांत.

देऊळ म्हणजे चर्च. पण ड्रॉइंग उलगडलं तेव्हा
माझ्या तोंडून देऊळच आलं, मग तेच राहिलं.
छपरावर छप्पर, त्यावर अजून छप्पर,
फळ्या तांबोशीच्या खवल्यांगत,
आणि टोकाटोकाला जीभ काढलेले नाग.
ड्रॅगन म्हण, बशीर म्हणाला.
म्हटलं, तुझ्या सियालकोटात असेल ड्रॅगन,
आमच्या पालशेतात त्याला कोण ओळखतंय.

ऑर्डर मॉलची. उत्तरेकडच्या देशांचा महोत्सव, सहा आठवडे.
बर्गनच्या धक्क्यावरची रंगीत घरं फ्लेक्सवर छापून येणार,
व्हायकिंगांची होडी थर्माकोलची.
लाकूडकाम तेवढं आमच्याकडे.
लाकूड म्हणजे बारा एमएमचा प्लाय.

टुरीडबाई तपासायला आल्या.
शेडात पंखा होता, तो गरम हवा इकडची तिकडे करत होता.
बाईंनी खांबावर हात फिरवला, मग नाक लावलं,
आणि बराच वेळ तशाच उभ्या.
"वास नाही," म्हणाल्या.
खऱ्याला डांबराचा वास असतो, झाडाच्या डांबराचा,
आठशे वर्षं लोक वर चढून चोपडत आलेत.
होडीला आम्ही करतो तसं, मी म्हटलं.
कुंजुमोनने ते त्याच्या इंग्रजीत सांगितलं,
काय सांगितलं देव जाणे, बाई हसल्या.

मग बोलत सुटल्या.
तिकडे पाइन एकदम तोडत नसत म्हणे.
शेंडा उडवून झाड उभंच ठेवायचं, वर्षानुवर्षं,
स्वतःच्याच राळेत मुरत.
मग खांब. मग कुसवात कुसू, लाकडाची खुंटी.
खिळा नाही.

खिळा नाही, हे ऐकून मी पिनांची गन खाली ठेवली.
बाबा म्हणायचे, खिळा म्हणजे सुताराची कबुली,
की बाबा रे, मला लाकूड कळलं नाही.
तोवर आमच्या अकरा हजार कबुल्या ठोकून झाल्या होत्या.
फोरमनने घड्याळ दाखवलं.
मी गन उचलली.

जाताना विचारलं, बांधलं कुणी ते?
नावं कुणाला ठाऊक नाहीत, म्हणाल्या.
पण तसल्या भिंतींवर आतून कुणीकुणी सुरीच्या टोकाने खरडलंय,
अमक्या सणाच्या संध्याकाळी मी हे कोरलं.
बस. एवढंच.

त्या रात्री ओव्हरटाइम होता.
मागच्या भिंतीच्या आतल्या अंगाला, जिथे कुणी बघणार नाही,
पटाशीने आम्ही नावं घातली.
बशीरने उर्दूत, कुंजुमोनने गोल गोल मल्याळीत.
दिलबहादूरची लिपी माझीच, पण त्याने
माझ्याकडून लिहून घेतलं आणि नंतर हात लावून बघितला.
सर्वांत खाली मी:
सुधाकर लवू मेस्त्री. नारळी पुनव, संध्याकाळ.
खरं तर पुनव दोन दिवसांपूर्वी झाली होती.
समुद्रही दिसत नव्हता तिथून.

मॉलमध्ये शुक्रवारी गेलो, चौघंही, इस्त्रीचे शर्ट घालून.
एका पोराने खांबावर टकटक केलं,
आतून पोकळ आवाज आला, पोराला तो आवडला.
मी सांध्यावर बोट ठेवलं, जरा फट राहिली होती तिथे.
"हात लावू नका साहेब," गार्ड म्हणाला.
साहेब. बशीर अजून चिडवतो.

सहा आठवड्यांनी देऊळ ट्रकमधून परत आलं, आडवं.
नाग मोडीत गेले. प्लाय चांगला होता,
त्याच्या फळ्या कापून दुकानांना दिल्या,
अजमानात काही, काही शारजात.

आता कुठल्याही बकाल्यात शिरलो की
डाळीच्या पुड्यांशी, ट्यूनाच्या डब्यांशी रेंगाळतो,
आणि फळीच्या खालून हळूच बोटं फिरवतो.
अजून काही लागलेलं नाही.
दुकानदाराला वाटतं, झुरळं शोधतोय.