ठोका

लाइट गेली की गल्लीतले सगळे माग
एका दमात थांबायचे,
आणि कानांना शांतता बोचायची.
अशाच एका रात्री, दत्तनगरात, गच्चीवर
नायनांनी रिकाम्या कांडीला सूत बांधलं,
डोक्यावर गरगर फिरवली.
"मी सूर्य. ही आपली जमीन.
तिकडे सूत नाही हं, तिकडे नुसती ओढ."

ओढ आहे, तर मग पडत का नाही?

"पडतेच आहे की. सारखी पडतेय.
पण आडवी एवढ्या जोरात पळतेय
की पडता पडता सूर्य चुकतो."
मग स्वतःशीच, घरच्या तेलुगूत, पुटपुटले: पडु.
मराठीत पड, तेलुगूत पडु.
पडण्यापुरत्या आमच्या दोन्ही भाषा एक.

केवढ्या जोरात?
"अक्कलकोट सव्वा सेकंदात."

आणि ढकलतं कोण?
यावर ते हसले.
दिवसभर त्यांचा धोटा ठोके खायचा,
डावीकडून एक, उजवीकडून एक,
एक ठोका हलका पडला की
धोटा मधेच अडकून ताणा तोडायचा.
"तिला कोणी ठोका देत नाही.
कधीतरी, सुरुवातीला, मिळाला तेवढाच.
वाटेत ना सूत, ना वारा.
थांबेल कशाला?"

तेवढ्यात सूत तुटलं.
कांडी बाहेर फेकली जाईल वाटलं होतं,
पण ज्या क्षणी जिकडे तोंड होतं
तिकडेच गेली, सरळ,
गज्जमांच्या पत्र्यावर. ठण्ण.
लचमव्वा आतून शिव्या देत राहिली,
आम्ही अंधारात हसू दाबत बसलो.

पुढे शाळेत कळलं:
जानेवारीत, गड्ड्यावर, कानटोपी घालून
आपण पाळण्याच्या रांगेत असतो
तेव्हा सूर्य वर्षातला सगळ्यात जवळ,
पळणंही सगळ्यात जोरात.
आणि मेमध्ये, डांबर चपलेला चिकटतं तेव्हा
आपण त्याच्यापासून लांब लांब चाललेलो, सावकाश.
नायनांना सांगितलं. म्हणाले,
"सोलापूरला सांगू नकोस, पटायचं नाही."

माग गेले, किलोच्या भावानं, टेम्पोतून.
त्या जागेत आता मोबाइल रिपेअरिंग.
दुपारी झोपेत नायनांचा उजवा हात
अजून हलतो, ठराविक अंतरानं,
ठोका नसताना.

मी धरत नाही.
वाटेत कशाला यायचं.